पाणीच नाही, तर निचरा कशाला?

परतूरसारख्या गावातल्या पोराने स्थापत्य अभियांत्रिकीला जाऊन हायड्रॉलिक्स आणि ड्रेनेजवर डोकं का फोडावं, असा सवाल हल्ली उघड विचारला जातो. विचारणारे अडाणी नाहीत. त्यांत पालक आहेत, क्लासवाले आहेत, सिमेंटच्या रस्त्यांवर हात बसलेले गुत्तेदार आहेत आणि नुकतीच पदवी घेऊन आलेली पोरंही आहेत. त्यांचं म्हणणं असं : इथे प्यायला पाणी नाही, निचरा कसला करता? पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही पडला तर. नोकऱ्या मिळतात त्या इमारतीच्या आणि रस्त्याच्या कामावर. जे काही गणित लागतं ते सॉफ्टवेअर करून देतं. आणि शेवटी नकाशा वरच्या कार्यालयातून येतो, कनिष्ठ अभियंत्याने एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, भरायची. मग गटार-कालव्यातला प्रवाह काढायचं मॅनिंगचं सूत्र पाठ करून उपयोग काय?

या म्हणण्यात तथ्याचे तुकडे आहेत, आणि म्हणूनच ते पसरतं. नुसतं ‘पाणी म्हणजे जीवन’ असं म्हणून ते खोडता येणार नाही. आकडे घेऊनच बसावं लागेल.

पाऊस कमी, हे वार्षिक बेरजेपुरतं खरं आहे. गटाराला वार्षिक बेरीज कळत नाही, त्याला तासाचा हिशेब कळतो. आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला ६५ मिलिमीटर हा आकडा पाठ आहे, कारण महसूल मंडळात चोवीस तासांत इतका पडला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची भाषा सुरू होते. आता हेच ६५ मिलिमीटर रात्रंदिवस रिमझिम पडले तर रस्त्यावर फारसं काही दिसणार नाही. ते सव्वा तासात कोसळले तर मोंढ्यातल्या दुकानांच्या पायऱ्या बुडतील. सरकारी कागदावर दोन्ही दिवस सारखे. मराठवाड्यात पाऊस बहुतेक दुसऱ्याच तऱ्हेने येतो : तीन-चार आठवडे उघडीप, पिकं माना टाकतात, आणि मग एका रात्रीत महिन्याची वसुली. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, जालना या पट्ट्याने हे पाहिलं. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाडाभर नद्या शेतांत आणि घरांत शिरल्या. टँकर आणि पूर एकाच तालुक्याच्या एकाच वर्षात येतात, हे आपल्याला नवीन नाही. अभ्यासक्रमाबद्दल बोलतानाच फक्त आपण ते विसरतो.

त्यात जमीन काळी. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल अशा भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगा गटागटा पितात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि रान तोंड बंद करून घेतं. पूर्ण भिजलेल्या भारी काळ्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग तासाला जेमतेम मिलिमीटरभर उरतो. अशा रानावर तासाला चाळीस मिलिमीटर पडला, तर त्यातले एकोणचाळीस कुठेतरी जाणारच. कुठून, किती वेगाने आणि कोणाच्या बांधावरून, हे ठरवणं म्हणजेच हा विषय. हैदराबादजवळ पटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही संस्था उभी राहिली. तिथे काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत विकसित झाली, ती ओल धरायलाही आणि जादाचं पाणी सरीतून काढून द्यायलाही. आपला शेतकरी आज सोयाबीन बीबीएफ, म्हणजे याच रुंद वरंबा-सरीच्या, यंत्राने पेरतो, तेव्हा तो निचऱ्याचंच काम करत असतो. म्हणजे शेतकऱ्याला जे पटलं ते अभियंत्याला अजून पटवून द्यावं लागतंय.

आणि पाणी आल्यावर काय होतं, याचा इतिहास तर महाराष्ट्राचाच आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला बारामतीकडे वाहू लागला. दुष्काळी मुलखात पाणी आलं, ऊस आला, आणि काही वर्षांतच जमिनी चिबडायला लागल्या. पाणी द्यायची व्यवस्था केली होती, काढून न्यायची केली नव्हती. त्या काळच्या मुंबई इलाख्याने १९१६ साली सिंचनासाठी एक विशेष विभाग काढला. क्लॉड इंग्लिस यांनी तिथे वर्षानुवर्षं दख्खनच्या कालव्यांवर, पाणथळ जमिनींवर आणि निचऱ्यावर काम केलं. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था ती हीच. महापुराचा विसर्ग काढायचं इंग्लिसचं सूत्र मुलं परीक्षेसाठी घोकतात. पण ज्याच्या नावाचं सूत्र आहे तो माणूस चिबडलेल्या जमिनींच्या चिंतेत किती बुडाला होता, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगली-कोल्हापूरकडे आज शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून, लाखो रुपये घालून, आजोबांच्या वेळी राहून गेलेला निचरा करून घेतायत. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. परतूर तालुक्यातली गावं त्याच्या लाभक्षेत्रात येतात, आणि निम्न दुधनेचा फुगवटाही आपल्याच हद्दीत चढतो. ‘आमच्याकडे पाणीच नाही’ हे वाक्य बोलताना या दोन्ही गोष्टी डोळ्यांआड करायच्या का?

आता गावाच्या आत या. ‘पाणी कमी, म्हणून गटाराची गरज कमी’ हा समज तर सरळ उलटा आहे. जमिनीखालच्या गटारातला मैला वाहत राहायला पाण्याला सेकंदाला साधारण ०.६ मीटरचा वेग लागतो. वेग कमी पडला की मैला बसतो, बसला की कुजतो, आणि मग झाकणातून वर येतो. केंद्राच्या मार्गदर्शक पुस्तिकेत भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी १३५ लिटर पुरवठा धरतात, तो याच कारणाने. जिथे नळ आठवड्यातून एकदा-दोनदा येतो, तिथे गटार आठवडाभर सुकं आणि नळाच्या दिवशी तुडुंब. अशा गावासाठी गटार आखणं पुण्या-मुंबईपेक्षा कठीण. तिथला नकाशा आणून इथे अंथरला तर तो चालणार नाही, आणि का चालणार नाही हे सांगायला हा विषयच लागतो.

जलजीवन मिशनने १५ ऑगस्ट २०१९ पासून घरोघरी माणशी ५५ लिटरचं उद्दिष्ट ठेवलं. चांगलंच झालं. वापरलेल्या पाण्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर येतं, असं गणितात धरतात. तीन हजार वस्तीचं गाव घ्या : रोजचं सांडपाणी १ लाख ३२ हजार लिटर. दहा हजारी टँकरच्या हिशेबाने तेरा टँकर, रोज, गल्लीत. टँकर येत होता तेव्हा त्याची नोंद व्हायची, फेऱ्या मोजल्या जायच्या. हे उलटे जाणारे तेरा टँकर मात्र कोणी मोजत नाही. यावर उपाय म्हणून शोषखड्डा सांगितला जातो. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं आणि डास दोन्ही हटवले, त्याचं नाव झालं, ‘नांदेड पॅटर्न’ राज्यभर गाजला. पण पॅटर्न उचलताना खालची जमीन बघायला नको? खड्डा मुरुमात उतरला तर पाणी पिईल. खोल काळ्या मातीतच संपला तर काही दिवसांत विहिरीसारखा भरून बसेल, आणि सरपंच म्हणेल की योजना फसली. योजना फसत नाही, पाझरण्याची चाचणी न घेता मारलेला खड्डा फसतो. आँरी दार्सीने १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या नळ्यांवर प्रयोग करून जो नियम मांडला, तो या एका खड्ड्यापाशी कामाला येतो. नगरपालिकेच्या कामातून जन्मलेलं शास्त्र आहे हे, आणि आपल्याकडे ते नगरपालिकेलाच परकं वाटतं.

सॉफ्टवेअरच्या मुद्द्यावर मला भांडायचंसुद्धा नाही, कारण सॉफ्टवेअर चांगलंच आहे. पावसाच्या पाण्यासाठी एसडब्ल्यूएमएम आणि नळपुरवठ्यासाठी ईपानेट ही दोन्ही अमेरिकी पर्यावरण संस्थेची, फुकट मिळणारी. मुलांनी ती जरूर शिकावीत. पण एसडब्ल्यूएमएम सुरुवातीलाच विचारतं : पावसाची तीव्रता किती, उतार किती, गटाराचा खडबडीतपणा किती? मुलगा तिथे पुस्तकातला ०.०१३ तसाच टाकतो आणि पुढे जातो. तो आकडा गुळगुळीत, स्वच्छ काँक्रिटचा. आपल्या गटारात गुटख्याच्या पुड्या आहेत, साबणाचा साका आहे, कोणाच्या तरी ओट्याची उरलेली वाळू आहे. संगणक याची तक्रार करत नाही. तो चार दशांशांपर्यंत अचूक असं चुकीचं उत्तर देतो.

हाताने एकदा करून बघा. एक फूट रुंद, एक फूट खोल सिमेंटचं गटार, उतार ५०० फुटांना एक फूट. काठोकाठ वाहिलं आणि खडबडीतपणा ०.०१५ धरला, तर मॅनिंगच्या सूत्राने सेकंदाला सुमारे ५८ लिटर. आता एक हेक्टर वस्ती धरा, सगळं पत्रा, स्लॅब आणि सिमेंटचा रस्ता, पाऊस तासाला ५० मिलिमीटर. वीस टक्के पाणी कुठे ना कुठे अडलं असं मानलं तरी सेकंदाला १११ लिटर गटाराकडे धावतात. म्हणजे नवंकोरं गटारही निम्मंच पुरतं. ते गाळाने निम्मं भरलेलं असेल तर वाहून नेतं २४ लिटर. अर्धं भरलं म्हणजे अर्धं काम करील, हा अंदाजसुद्धा खोटा ठरतो, कारण खोली घटते तसा वेगही घटतो. हे गणित कागदाच्या एका पाठीवर मावतं आणि दर पावसाळ्यात ‘गटार असूनही पाणी का तुंबलं’ या बैठकीचं उत्तर देतं.

पुढचं गणित गुत्तेदारांसाठी. शेतरस्त्यावर नळमोरी टाकायची आहे, नकाशात तीन फुटी, म्हणजे ९०० मिलिमीटरचा नळ. बाजारात तो लगेच मिळेना, म्हणून कोणीतरी म्हणतं, दोन फुटी दोन टाकू, उलट जास्तच होईल. तीनाला चार फूट मिळाले, सगळे खूष. प्रत्यक्षात त्याच उताराला पूर्ण भरून वाहणाऱ्या नळाची क्षमता व्यासाच्या २.६७ व्या घाताने बदलते. ६०० मिलिमीटरचा नळ ९०० च्या एक तृतीयांश पाणी नेतो. दोन टाकले तरी दोन तृतीयांशच. राहिलेलं एक तृतीयांश पाणी रस्त्याच्या वरच्या अंगाला तुंबतं, कपाशी बुडवतं आणि शेवटी भराव कापून जातं. मग मोरी ‘वाहून गेली’ अशी नोंद होते, आणि दोष पावसाला. कोणी बेइमानी केली असेलच असं नाही. तिथे उभ्या असलेल्या अभियंत्याला २.६७ माहीत नव्हतं, एवढंच पुरे असतं.

इथेच ‘नकाशा वरून येतो’ हा मुद्दा मोडून पडतो. तो मला सर्वांत जड वाटतो, कारण तो नोकरीतल्या माणसाच्या अनुभवातून आलेला आहे. नकाशा वरून येतो हे खरं, पण पाणी नकाशावरून वाहत नाही. गटाराचा तळ कुठे दोन इंच चढला, सिमेंटचा रस्ता जुन्या रस्त्यावरच ओतल्यामुळे किती घरांची जोती रस्त्याखाली गेली, मोरीचं तोंड नाल्याच्या तळाला ठेवलं की फूटभर वर, हे सगळं ठरतं सकाळी नऊ वाजता, साईटवर, कनिष्ठ अभियंत्यासमोर. वरचा अधिकारी तिथे नसतो. एमबीत लांबी, रुंदी आणि खोली लिहिली जाते, पाणी कुठल्या दिशेला वाहतं हे लिहायला रकाना नाही. म्हणून तो रकाना डोक्यात असलेला माणूस तिथे हवा.

तो नसला की काय होतं, याचं टोक कोकणात दिसलं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. त्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. महाराष्ट्र हसला. हसण्याऐवजी दुसऱ्या वर्षाचं पुस्तक उघडायला हवं होतं. मातीच्या धरणातून पाणी झिरपतंच. ते मातीचे कण सोबत न्यायला लागलं की भरावात आतून नळी पडते. ते होऊ नये म्हणून पोटात वाळू-खडीचा गाळणथर आणि पायथ्याशी दगडी निचरा ठेवतात, आणि बाहेर येणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ हे बघत राहतात. गढूळ आलं की धोक्याची घंटा. मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर बांधलेले पाझर तलाव गावोगाव आहेत. त्यांच्या पायथ्याशी पावसाळ्यात येणारं पाणी कोणी बघतं का?

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात : नळयोजना, सांडपाणी, रस्त्यांचे पूल, शेततळी, कालव्यांची दुरुस्ती, या सगळ्यांवर सरकार खर्च करतंय आणि करत राहणार. इमारतीचा बाजार मंदावतो. पाऊस पडायचा थांबत नाही.

विरोधकांची एक गोष्ट मात्र मी विनाअट मान्य करतो. हा विषय वाईट शिकवला जातो. पदविकेत आणि पदवीत त्याचे तुकडे पडतात : एका सत्रात हायड्रॉलिक्स, दुसऱ्यात जलसंपदा, तिसऱ्यात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी. तिन्हींत वाहणारं पाणी एकच आहे, हे मुलाला शेवटपर्यंत कळत नाही. प्रयोगशाळेतला पंप अनेक ठिकाणी बंद, आणि जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाकडून उतरवलेलं. व्हेंच्युरीमीटरची आकृती हुबेहूब येते, गल्लीतल्या गटाराचा उतार सांगता येत नाही. यावर चिडून ‘विषयच काढा’ म्हणायचं, की विषय वर्गाबाहेर काढायचा? छत्रपती संभाजीनगरात पाणचक्की आहे, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने सुरू केलेल्या नहरींचं जाळं आहे, दाब सांभाळायला उभे केलेले मनोरे आहेत. जालन्याला घाणेवाडीचा तलाव आहे, निजामी काळातला, ज्याचं पाणी विजेशिवाय, नुसत्या उताराने शहराकडे येत राहिलं. परतूरहून सकाळच्या रेल्वेने निघालं तर दोन्ही बघून संध्याकाळी घरी. असा एक दिवस मला फळ्यावरच्या चार तासांपेक्षा मोलाचा वाटतो. परतूरचा तो लोहमार्गही निजामी काळातलाच, १९०० च्या आसपासचा. भरावाखालची प्रत्येक मोरी कोणीतरी वरच्या अंगाचं क्षेत्र मोजूनच ठेवलेली आहे, तीही उतरून बघण्यासारखी.

१५ सप्टेंबरला आपण विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालतो. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते बाहेर पडले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले, आणि धुळे भागात पांझरा नदीतून सायफनची नळवाहिनी नेण्याचं काम त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी होतं. वय तेवीस-चोवीस, म्हणजे आजच्या नव्या कनिष्ठ अभियंत्याएवढंच. पुढे २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीने हैदराबादेत हजारो माणसं मारली. निजामाने त्यांना बोलावलं, तेव्हा परतूरही त्याच राज्यात होतं. त्यांनी वरच्या अंगाला जलाशय सुचवले, ज्यांतून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले, आणि त्याच्या जोडीला शहरासाठी सांडपाण्याची योजना आखली. पूर आणि गटार त्यांनी एकाच हाताने सोडवायला घेतलं. हा माणूस ज्यांचा आदर्श, त्या पोरांना ‘ड्रेनेज कशाला’ असं विचारायला तोंड धजत कसं?

तेव्हा मागणी साधी आहे. परतूरचं आणि आसपासचं जे पोरगं किंवा पोरगी स्थापत्य शाखेत शिकतेय, तिने या मृगाआधी ऑटो लेव्हल आणि टेप घेऊन आपल्या वॉर्डातल्या गटाराच्या तळाची पातळी दर दहा मीटरला घ्यावी, आणि ते गटार किती पाऊस झेलेल याचा हिशेब करून नगरपरिषदेत द्यावा. महाविद्यालयांनी तो हिशेब प्रात्यक्षिक म्हणून धरावा, जर्नल नाही मागितलं तरी चालेल. आणि नगरपरिषदेने यापुढे गटाराच्या किंवा मोरीच्या कुठल्याही अंदाजपत्रकाला जलगणिताचं एक पान जोडल्याशिवाय मंजुरी देऊ नये.